लीड स्क्रूवर हिशेबाइतके बल का मिळत नाही?

स्टेपर मोटारीला, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेपने) फिरणाऱ्या मोटारीला, लीड स्क्रू म्हणजे नट सरकवणारा आट्यांचा लांब दांडा जोडून छोटा प्रेस, वर-खाली होणारे टेबल किंवा नमुन्यांवर दाब देऊन पाहण्याची जोडणी तयार करणाऱ्यांची एक तक्रार वारंवार पुढे येते. मोटार नेमा १७ या प्रमाणित मापाची आणि ४ किलो-सेंमी टॉर्कची (फिरवणाऱ्या पिळाची) असते, स्क्रू ८ मिमी व्यासाचा असतो आणि त्याच्या आट्यांमधील अंतर २ मिमी भरते. हे आकडे सूत्रात घातले की उत्तर सव्वाशे किलोच्या घरात येते. प्रत्यक्षात मात्र आठ-दहा किलोचे ओझे आले की मोटार घरघरू लागते, जागच्या जागी थरथरते आणि स्टेप चुकवते. मग मोटार सदोष ठरवून बदलली जाते, नवी मोटारही तेच करते आणि शेवटी दुप्पट किमतीची मोठी मोटार आणण्याचा विचार सुरू होतो. या तफावतीत मोटारीचा दोष क्वचितच असतो. सुमारे चौदापट फरक एका जागी पडत नाही. तो तीन-चार ठिकाणी थोडाथोडा पडत जातो आणि प्रत्येक ठिकाण वेगळे तपासता येते.

सूत्र स्वतः बरोबर आहे. स्क्रूचा एक फेरा पूर्ण झाला की नट जेवढा सरकतो त्या अंतराला लीड म्हणतात. त्या फेऱ्यात मोटारीने केलेले काम म्हणजे ६.२८ गुणिले टॉर्क आणि नटाने केलेले काम म्हणजे बल गुणिले लीड. दोन्हींमधला फरक घर्षणात जातो आणि तो कार्यक्षमतेच्या रूपाने हिशेबात येतो:

बल = ६.२८ × टॉर्क × कार्यक्षमता ÷ लीड

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि लीड मीटरमध्ये घातल्यास बल न्यूटनमध्ये मिळते. टॉर्क किलो-सेंमीमध्ये आणि लीड सेंटिमीटरमध्ये घातल्यास उत्तर थेट किलोमध्ये येते. आपल्याकडे दुकानदार मोटारीचा टॉर्क बहुधा किलो-सेंमीमध्येच सांगतात, त्यामुळे दुसरा मार्ग सोयीचा आहे आणि त्यात दशांश चिन्ह घसरण्याची भीतीही कमी असते. न्यूटन-सेंटिमीटर आणि न्यूटन-मीटर यांची गफलत झाली तर उत्तर शंभरपट चुकते, पण ते इतके अवास्तव दिसते की सहसा लगेच लक्षात येते. खरा त्रास होतो तो पटण्याजोग्या दिसणाऱ्या चुकीच्या उत्तराचा.

आधी प्रत्यक्ष बल मोजून घ्यावे

काहीही बदलण्यापूर्वी आज किती बल मिळते आहे ते मोजावे. जोडणी उभी असेल तर सरकत्या भागाला बादली टांगून तीत मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात बादलीचे आणि सरकत्या भागाचे वजन मिळवावे, आणि ज्या ओझ्याला मोटार पहिल्यांदा स्टेप चुकवते ते लिहून ठेवावे. दाबणारी जोडणी असेल तर नटाच्या ब्रॅकेटखाली घरगुती वजनकाटा ठेवून त्यावर हळूहळू दाब आणावा. मोजणी नेहमीच्या कामाच्या वेगाने एकदा आणि त्याच्या चौथ्या हिश्शाच्या वेगाने एकदा अशी दोनदा करावी. कमी वेगाला बल बरेच वाढले तर दोष पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये आहे. दोन्ही वेगांना बल जवळपास सारखेच भरले तर प्रवाहाची मर्यादा, लीड किंवा घर्षण यांपैकी काहीतरी कारणीभूत आहे.

लीड आणि पिच

सर्वांत मोठी एकटी चूक येथे होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नुसता टी८ स्क्रू मागितला, तर बहुतेक वेळा हाती पडतो तो चार सुरुवातींचा स्क्रू असतो. त्यावर शेजारच्या दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, २ मिमीच असते, पण त्यावर चार स्वतंत्र आटे एकमेकांशेजारून गुंडाळलेले असतात आणि एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. सूत्रात लागतो तो हा ८ मिमीचा आकडा. कॅलिपरने आटे मोजणारा माणूस २ मिमी लिहितो आणि तेथेच बल चौपट फुगते. पूर्ण नावात ही माहिती असते: टीआर ८ × ८ पी२ यातील पहिला आठ व्यासाचा, दुसरा आठ लीडचा आणि शेवटचा दोन पिचचा.

खात्री करण्यासाठी स्क्रूच्या टोकाकडे समोरून पाहावे. आटे सुरू होण्याच्या चार जागा वेगळ्या दिसतात. स्क्रूवर पेनने खूण करून एक फेरा फिरवून नट किती सरकला हे पट्टीने मोजले तरी पुरते. यंत्र आधीच चालू असेल तर तेवढीही गरज नाही. २०० स्टेपची मोटार, सोळा मायक्रोस्टेप (एका स्टेपचे सोळा भाग) आणि दर मिलिमीटरला ४०० मायक्रोस्टेप ही मांडणी ठेवून अंतर बरोबर येत असेल, तर लीड ८ मिमी आहे; २ मिमी लीडच्या स्क्रूला १६०० लागले असते. अंतरासाठी ८ मिमी आणि बलासाठी २ मिमी असा दुहेरी हिशेब एकाच वहीत पाहायला मिळतो, हे नवल खरे.

लीड सुधारल्यावर आदर्श बल ६.२८ × ४ ÷ ०.८ म्हणजे सुमारे ३१ किलो होते. सव्वाशेवरून एकतीस.

आट्यांमधील घर्षण

कार्यक्षमता अंदाजाने ९० टक्के धरण्याची सवय बॉल स्क्रूवरून आलेली आहे. तेथे पोलादी गोळ्या घरंगळतात, म्हणून तेवढी कार्यक्षमता मिळते. लीड स्क्रूमध्ये नट आट्यांवर घासत सरकतो. ट्रॅपेझॉइडल आट्याचा सरासरी व्यास हा बाहेरच्या व्यासातून अर्धी पिच वजा केली की मिळतो, म्हणजे येथे ७ मिमी. लीड कोनाचा टॅन म्हणजे लीड भागिले सरासरी परीघ, म्हणजे ८ ÷ २२, आणि तो कोन जवळजवळ २० अंश भरतो. आट्याची बाजू १५ अंशांनी तिरपी असल्यामुळे घर्षणांकाला १५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९६६ ने भागावे लागते. ग्रीस लावलेल्या पितळी नटासाठी घर्षणांक ०.१५ धरला तर घर्षण कोन सुमारे ८.८ अंश येतो. कार्यक्षमता म्हणजे लीड कोनाचा टॅन भागिले लीड कोन व घर्षण कोन यांच्या बेरजेचा टॅन, आणि ती येथे सुमारे ६६ टक्के येते. घर्षणांक ०.१० पर्यंत उतरला तर ती ७५ टक्के होते. कोरड्या, धूळ बसलेल्या स्क्रूवर तो ०.२० झाला तर ५९ टक्के. म्हणजे ८ मिमी लीडच्या स्क्रूवर ग्रीसने फरक पडतो, पण चमत्कार होत नाही.

एकतीस किलोचे आता साधारण २१ किलो राहिले. अजूनही हे प्रत्यक्षातल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक आहे.

टॉर्कचा आकडा

मोटारीच्या माहितीपत्रकावरील ४ किलो-सेंमी हा होल्डिंग टॉर्क असतो. मोटार उभी असताना, दोन्ही कॉइलमधून पूर्ण प्रवाह एकाच वेळी वाहत असताना, शाफ्ट जबरीने फिरवायला जेवढा पीळ लागेल तेवढा तो असतो. चालती मोटार तेवढा टॉर्क देत नाही, आणि आपल्या ड्रायव्हरने (मोटारीला प्रवाह पुरवणाऱ्या छोट्या पाटीने) पुरवलेल्या प्रवाहावर उभी मोटारही बहुधा तेवढा देत नाही.

प्रवाहाचे गणित पाहावे. ए४९८८ ड्रायव्हरवर कमाल प्रवाह म्हणजे संदर्भ व्होल्टेज भागिले सेन्स रेझिस्टरच्या (प्रवाह मोजणाऱ्या रेझिस्टरच्या) रोधाची आठपट. ट्रिमरवर, म्हणजे हे संदर्भ व्होल्टेज ठरवणाऱ्या फिरवत्या बटणावर, ०.८ व्होल्ट आणि रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर १ अँपियर मिळतो. याच दिसण्याच्या पाट्या ०.०५ आणि ०.०६८ ओहमच्या रेझिस्टरसहही मिळतात, त्यामुळे चिपच्या शेजारच्या दोन छोट्या काळ्या चौकोनांवर आर१००, आर०६८ की आर०५० छापले आहे हे भिंगाने पाहिल्याशिवाय कोणतेही कोष्टक वापरू नये. आता मोटार १.६८ अँपियरची आहे असे धरू. तिचा होल्डिंग टॉर्क दोन्ही कॉइलमध्ये प्रत्येकी १.६८ अँपियर असताना मोजलेला असतो. मायक्रोस्टेप पद्धतीत मात्र एका कॉइलमध्ये कमाल प्रवाह असतो तेव्हा दुसरीत शून्य असतो, आणि दोन्हींत सारखा असतो तेव्हा तो कमालीच्या ७१ टक्के असतो. म्हणून १ अँपियर मर्यादेवर मिळणारा टॉर्क माहितीपत्रकातल्या टॉर्काच्या ०.७१ ÷ १.६८ एवढा, म्हणजे सुमारे ४२ टक्के ठरतो. चार किलो-सेंमीचे १.७ होतात, आणि २१ किलोचे नऊ. तक्रारीतला आकडा जवळपास येथेच सापडतो, आणि त्यात मोटारीचा काही अपराध नाही.

प्रवाह वाढवताना मात्र बेताने वाढवावा. ए४९८८ ला १ अँपियरच्या वर उष्णताशोषक पट्टी लागते, १.६ अँपियरच्या आसपास पंख्याची हवाही लागते. नाहीतर चिप तापून स्वतःला बंद करते, थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, आणि बाहेरून ते अगदी बल कमी पडल्यासारखे दिसते. १.६ अँपियरवर टॉर्क सुमारे २.७ किलो-सेंमी आणि बल १४ किलोच्या आसपास मिळते. ट्रिमर फिरवताना प्लॅस्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर वापरावा आणि वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नये. त्यात ड्रायव्हर जळतो.

चालत्या मोटारीचा टॉर्क वेगाबरोबर उतरतो. कॉइलमध्ये प्रवाह उभा राहायला वेळ लागतो. रोध १.५ ओहम आणि इंडक्टन्स २.८ मिलिहेन्री असलेली मोटार घेऊ. सेकंदाला २००० पूर्ण स्टेप, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे, या वेगाला प्रत्येक कॉइलमधील प्रवाह दर मिलिसेकंदाला पूर्ण उलटावा लागतो. १२ व्होल्टवर उणे १.६८ वरून अधिक १.६८ अँपियरपर्यंत येण्यातच ०.८ मिलिसेकंद जातात, आणि यात फिरत्या रोटरमुळे निर्माण होणारे विरोधी व्होल्टेज धरलेलेच नाही. २४ व्होल्टवर हा वेळ ०.४ मिलिसेकंदावर येतो. म्हणूनच वेगात बल कमी पडत असेल तर पुरवठा २४ व्होल्ट करणे हा मोटार बदलण्यापेक्षा स्वस्त आणि बहुधा अधिक गुणकारी उपाय आहे. प्रवाह ड्रायव्हरच मर्यादित करतो, त्यामुळे जास्त व्होल्टेजने कॉइल जळत नाही. फक्त ड्रायव्हर आणि बोर्डावरील कपॅसिटर त्या व्होल्टेजचे आहेत ना, हे आधी पाहावे. उभ्या मोटारीच्या टॉर्कमध्ये मात्र व्होल्टेज वाढवून काही मिळत नाही.

गिअर असलेली डीसी मोटार वापरणाऱ्यांनी याच न्यायाने स्टॉल टॉर्क (मोटार अडून थांबते तेव्हाचा) बाजूला ठेवून रेटेड टॉर्क (सतत चालताना देता येणारा) घ्यावा. स्टॉलच्या आकड्यावर चालवलेली डीसी मोटार फार काळ मोटार राहत नाही.

जुळणी आणि टेकू

नऊ किलो अपेक्षित असताना सहाच मिळाले, तर उरलेली गळती यंत्राच्या जुळणीत आहे. ती मोजण्याची सोपी युक्ती अशी: मोटारीचा ५ मिमी शाफ्ट ८ मिमी स्क्रूला जोडणारा नेहमीचा ॲल्युमिनियमचा कपलर १९ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे त्याची त्रिज्या जवळजवळ १ सेंमी. मोटारीच्या बाजूचा, शाफ्ट पकडणारा ग्रब स्क्रू ढिला करून कपलरभोवती दोरीचे चार-पाच वेढे द्यावेत आणि दोरीचे टोक स्प्रिंग काट्याला अडकवून ओढावे. स्क्रू फिरू लागल्यावर काटा जितके किलो दाखवेल, साधारण तितकेच किलो-सेंमी रिकाम्या फिरण्यात जात आहेत. उपलब्ध टॉर्क १.७ असताना यातच ०.४ किंवा ०.५ गेले, तर पाव हिस्सा बल ओझे लावण्यापूर्वीच संपलेले असते.

ही मोजणी नट मधोमध असताना आणि दोन्ही टोकांना असताना करावी. टोकाकडे आकडा वाढत असेल तर स्क्रू मार्गदर्शक दांड्यांना समांतर नाही. नटाचे बोल्ट ढिले करावेत, सरकता भाग मोटारीच्या अगदी जवळ आणावा, नटाला आपली जागा घेऊ द्यावी आणि मगच बोल्ट आवळावेत. दर फेऱ्याला, म्हणजे दर ८ मिमीला, एकदा जड होत असेल तर स्क्रू वाकलेला आहे किंवा कपलरमध्ये तिरपा बसला आहे. सगळीकडे सारखाच जड असेल तर स्प्रिंगच्या दुहेरी नटाचा दाब तपासावा. बॅकलॅश (नट आणि आट्यांमधली ढिलाई) घालवण्यासाठी लावलेली ही स्प्रिंग कायम घर्षण निर्माण करत असते, आणि उभ्या ओझ्याखाली तिची बहुधा गरजच नसते, कारण ओझे स्वतःच नटाला एका बाजूला दाबून धरते.

मार्गदर्शक दांड्यापासून ओझे किती दूर आहे हेही महत्त्वाचे. साध्या बुशांवर, घर्षणांक ०.२५ च्या आसपास असेल तर, बुशांमधल्या अंतराच्या दुपटीहून लांब बल लागू झाले की सरकता भाग तिरका होऊन अडकतो आणि मग कितीही जोर लावला तरी तो सरकत नाही. जोराबरोबर घर्षणही त्याच प्रमाणात वाढत जाते. येथे मोठी मोटार आणल्याने काहीच साधत नाही.

राहिला टेकू. स्क्रूवर येणारे बल अखेर कोणीतरी झेलावे लागते. पुष्कळ जोडण्यांत ते थेट मोटारीच्या शाफ्टवर येते. नेमा १७ मोटारींच्या अनेक माहितीपत्रकांत शाफ्टच्या दिशेने १० न्यूटन, म्हणजे जेमतेम एक किलो, एवढेच ओझे मान्य असते. त्यातच नागमोडी काप असलेला कपलर स्प्रिंगसारखा ताणला जातो. काहीजण कपलरच्या आत दोन शाफ्टांच्या मध्ये पोलादी गोळी ठेवतात. त्याने कपलर वाचतो, पण ओझे मोटारीवरच राहते. यावर उपाय म्हणून स्क्रूवर कॉलर बसवून ती वॉशरवर टेकवली, तर तेथे नवे घर्षण येते. वॉशरची सरासरी त्रिज्या ६ मिमी आणि घर्षणांक ०.१५ असेल तर ८ मिमी लीडच्या स्क्रूवर बल सुमारे ३२ टक्क्यांनी घटते आणि २ मिमी लीडच्या स्क्रूवर थेट निम्मे होते. त्या जागी ८ मिमी भोकाचे थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचे ओझे झेलणारे) घालावे; एफ८-१६एम या नावाने ते सहज मिळते आणि त्याच्या बाहेरच्या १६ मिमी व्यासामुळे साध्या ॲल्युमिनियम प्लेटमध्येही बसवता येते.

२ मिमी लीडचा स्क्रू घ्यावा का?

वेग फार लागत नसेल तर घ्यावा, पण बल चौपट होईल या समजुतीने घेऊ नये. लीड कमी झाले की लीड कोन ५.२ अंशांवर येतो आणि तितक्याच घर्षणावर कार्यक्षमता ६६ वरून ३६ टक्क्यांवर घसरते. परिणामी बल सुमारे २.२ पट होते: १.७ किलो-सेंमीवर नऊचे वीस किलोच्या आसपास. या स्क्रूवर ग्रीसचे महत्त्व मात्र खूप वाढते, घर्षणांक ०.२० वरून ०.१० झाला तर कार्यक्षमता ३० वरून ४६ टक्के होते. शिवाय सेकंदाला २० मिमी वेगासाठी ८ मिमी लीडला मिनिटाला १५० फेरे पुरतात, तर २ मिमी लीडला ६०० लागतात, आणि ६०० फेऱ्यांवर १२ व्होल्टच्या मोटारीची काय अवस्था होते ते वर आलेच आहे. लीड बदलायचे तर पुरवठ्याचाही विचार सोबतच करावा.

उभ्या जोडणीत आणखी एक प्रश्न येतो. ८ मिमी लीडचा कोन घर्षण कोनापेक्षा मोठा असल्यामुळे वीज गेली की ओझे स्क्रूला उलटे फिरवत खाली येते. थांबलेल्या, बिनविजेच्या मोटारीचा स्वतःचा अडसर ०.२ किलो-सेंमीच्या आसपासच असतो, त्यामुळे साधारण तीन किलोच्या पुढचे ओझे तिच्याने धरवत नाही. २ मिमी लीडचा स्क्रू ग्रीस लावूनही उभ्या स्थितीत स्वतःहून घसरत नाही, परंतु सततच्या कंपनाने आट्यांमधले घर्षण कमी होते आणि ओझे हळूहळू उतरू शकते. त्यामुळे टेबलाखाली हात घालून काम करायचे असेल तर स्क्रू कोणताही असो, खाली लाकडी ठोकळ्याचा किंवा लोखंडी खिळीचा आधार द्यावा आणि मगच हात घालावा. ओझे कायम ठरलेले असेल तर दोरी आणि कप्पीवरून त्याच्या निम्म्या वजनाचे प्रतिवजन लावावे. मोटारीवरचे ओझे निम्मे होते, आणि वीज गेल्यावर घसरणारे वजनही निम्मेच उरते.